आतलं कापड

माझ्या वडिलांच्या लेखी कापडाचे दोनच प्रकार होते, बाहेरचं आणि आतलं. पॉपलीन, टेरिकॉट, खादी, मांजरपाट हे सगळं बाहेरचं. ओढलं की ताणतं ते आतलं. त्यांच्या लहानपणी ताणणारं कापड म्हणजे एकच, बनियनचं, आणि बनियन सदऱ्याच्या आत असतो. पुढे टी-शर्ट आले, मुलींचे लेगिंग आले, शाळांचे पी.टी.चे ड्रेस आले, तरी अण्णांनी आपली यादी वाढवली नाही. मी पोटासाठी जन्मभर जे कापड कापलं ते सगळं त्यांच्या दृष्टीने आतलंच. त्यांना त्याची लाज वाटायची, आणि ती लपवण्याचे कष्टही ते घ्यायचे नाहीत.

अण्णा मास्तर होते. आमचं घर पेणला, आणि ते रोज एसटीने गडबच्या शाळेत जायचे. मुलं शेतकऱ्यांची. कुणी ‘व्हय’ म्हटलं की ‘होय म्हण’, कुणी ‘नाय’ म्हटलं की ‘नाही म्हण’, यात त्यांची सगळी नोकरी गेली. अंगात पांढरा पॉपलीनचा सदरा, खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. घरातही मी त्यांना नुसत्या बनियनवर कधी पाहिलं नाही. मे महिन्यात अंगाचं पाणी पाणी होत असताना दार वाजलं, तरी आधी सदरा आणि मग कडी. आई म्हणायची, बाहेरचा माणूस तोवर निघून जाईल. कधी कधी जायचाही.

मी शिक्षिका व्हावं ही त्यांची इच्छा. माझे मार्क कमी पडले. घरी बसून काय करायचं म्हणून मी मागच्या आळीतल्या एका काकूंकडे जाऊ लागले. त्यांनी पडवीत चार मशिनं टाकली होती आणि मुंबईच्या व्यापाऱ्याकडून येणारा माल त्या शिवून द्यायच्या. बनियन, चड्ड्या, लहान मुलांची झबली. मास्तरांची मुलगी चड्ड्या शिवते ही बातमी पेणमध्ये पसरायला एक आठवडा पुरला. अण्णा विचारणाऱ्याला सांगायचे, ‘शिवणकला शिकते आहे.’ कसली शिवणकला ते सांगायचे नाहीत. काकूंकडची बारीक चिंधी पोत्यात भरून हमरापूरला जायची, तिथे गणपती रंगवणाऱ्यांना हात आणि ब्रश पुसायला ती लागे. माझ्या धंद्यातली एवढी एकच गोष्ट अण्णा आपणहून लोकांना सांगत. चिंधीला मान होता, कापडाला नव्हता.

काकूंनी मला पहिल्या दिवशी सुई दिली नाही. एक तुकडा दिला आणि म्हणाल्या, ‘ओढ.’ मी आडवा ओढला, तो पसरला. उभा ओढला, तो फारसा हलला नाही. ‘आता सोड.’ सोडल्यावर तो जागेवर आला. काकू म्हणाल्या, ‘जागेवर येतं त्या कापडात जीव आहे. जे लोंबकळत राहतं ते घेऊ नकोस, फुकट दिलं तरी.’ ताण नेहमी अंगाभोवती आडवा यायला हवा हेही त्यांनी सांगितलं होतं, आणि तरी पहिल्याच आठवड्यात मी डझनभर बनियन उभ्या ताणाचे कापले. ते कुणाच्या खांद्यांतून खाली उतरेनात. काकू रागावल्या नाहीत. त्यांनी त्यातला एक स्वतःच्या डोक्यात घालायचा प्रयत्न केला आणि अर्ध्यात अडकून हसत बसल्या. अण्णांना मी हे कधीच सांगितलं नाही.

होजिअरीचं, म्हणजे हे ताणणारं कापड मीटरवर नाही, किलोवर मिळतं. अण्णांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, ‘कापड आहे की कांदे-बटाटे?’ माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हाची ही गोष्ट. मुलगा रोह्याचा, कंपनीत शिफ्टवर. पाहायला आलेल्यांनी विचारलं की मुलगी काय करते, तर अण्णा म्हणाले, ‘कापडाचं बघते.’ नवऱ्याने पुढे बरीच वर्षं मला यावरून चिडवलं. शिफ्टवरून आला की दारातूनच विचारायचा, ‘काय, आज कापडाचं बघितलंस का?’

रोह्याला मी ओटीवर दोन मशिनं घेऊन बसले आणि कापड हळूहळू हाताला कळत गेलं. झबल्याला पातळ एकेरी जर्सी, शिलाई बाहेरच्या अंगाला ठेवून, म्हणजे बाळाला टोचत नाही. या जर्सीच्या कडा कापल्या की गुंडाळतात, नव्या शिवणारीला त्या रडवतात. गळ्याला आणि मनगटाला रिब, कारण ती ताणून पुन्हा घट्ट बसते. कॉलरच्या टी-शर्टला मॅटी, बारीक जाळीसारखी उठावाची, कंपनीतल्या लोकांना चालते, घाम दिसत नाही. बायकांच्या गाऊनला लोक मऊ, सुळसुळीत कापड मागतात, पण ते स्वतःच्याच वजनाने लांब होत जातं. चार धुण्यांत गाऊन पायात येतो, आणि मग बाई पडली तर दोष माझा. जाड होजिअरी पावसाळ्यात रोह्याला वाळत नाही, तिला कुबट वास येतो. हे सगळं मी गिऱ्हाइकाला सांगत बसायचे. अण्णा पेणहून कधी आले तर मशिनांकडे पाठ करून बसायचे.

आई गेल्यावर अण्णा पेणला एकटेच होते. एका सकाळी दूधवाल्याला ते मोरीच्या दारात पडलेले सापडले. डावी बाजू गेली होती. दवाखान्यात तीन आठवडे काढून मी त्यांना रोह्याला आणलं. हात लुळा, पाय ओढत टाकता येण्याइतका, आणि तोंड एका बाजूला उतरलेलं. बोलणं परत आलं ते अर्धवट. शब्दाचं पहिलं अक्षर गिळलं जायचं आणि ‘र’ तर यायचाच नाही. ‘चहा’चा नुसता ‘हा’ व्हायचा. स्वराने सुरू होणारे शब्द मात्र स्वच्छ येत. जन्मभर व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला आजारसुद्धा व्याकरणाने यावा, याचं मला तेव्हा हसू यायला हवं होतं.

हसू आलं नाही, रडूही आलं नाही. लोक भेटायला यायचे आणि मला म्हणायचे, ‘किती धीराची आहेस.’ धीर वगैरे काही नव्हता. मला काही वाटेनासंच झालं होतं. भांडं पुसावं तसं मी त्यांचं अंग पुसायचे. डॉक्टर सांगतील ते ऐकायचे, लिहून घ्यायचे, त्याप्रमाणे करायचे. डॉक्टरांनी एक गोष्ट दोनदा सांगितली. ‘यांना अंथरुणात ठेवू नका. रोज उठून बाहेर बसले पाहिजेत, चार पावलं टाकली पाहिजेत. पडून राहिले तर छातीत कफ भरेल, पाठीला जखमा होतील, आणि मग फार दिवस निघणार नाहीत.’ मी तेही लिहून घेतलं.

अण्णांच्या अंथरुणापासून बाहेरच्या ओट्यापर्यंत अकरा पावलं होती. अण्णांना अकरा पावलं टाकता येत होती. धरून, ओढत, पण येत होती. अडलं होतं ते सदऱ्यापाशी. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला रीत दाखवली होती, घालताना आधी लुळा हात, काढताना आधी धड हात. पण पॉपलीनला ताण नसतो. त्यांच्या सदऱ्याच्या बाहीत तो हात कोपरापर्यंत जायचा आणि पुढे खांदा ओढला जायचा. निखळेल, असं बाई म्हणाल्या होत्या. अण्णा ओरडायचे नाहीत. त्यांच्या उजव्या डोळ्यातून तेवढं पाणी यायचं. मी एका सदऱ्याची बगल उसवून तिथे पट्टी जोडली. त्यांनी पट्टीकडे पाहिलं आणि मान फिरवली.

मग ते आतल्या खोलीत गळ्यापर्यंत चादर घेऊन पडून राहू लागले. आत फक्त बनियन होता. सदऱ्याशिवाय ते ओट्यावर जाणार नव्हते, आणि सदरा अंगात जात नव्हता. आमच्या ओट्यावरून अर्धं रोहं दिसतं, आणि अर्ध्या रोह्याला आमचा ओटा दिसतो.

म्हणजे हे माझंच काम होतं. वीस वर्षं मी लोकांना सांगत आले होते की कुठल्या अंगाला कुठलं कापड. मी चांगली पांढरी एकेरी जर्सी काढली, सदऱ्याच्या बेताने कापली, पुढून पूर्ण उघडी, डावी बाही उजवीपेक्षा चार बोटं जास्त रुंद. हात अलगद आत गेला. खांदा ओढला गेला नाही. मी बटणं लावली. मग त्यांनी उजव्या हाताने छातीवरचं कापड चिमटीत धरलं, ओढलं, आणि ते ताणलं.

‘आतलं,’ ते म्हणाले.

‘सदरा आहे, अण्णा. बटणं आहेत, कॉलर आहे.’

‘आतलं.’

खरं सांगायचं तर त्यांचं अगदीच चुकत नव्हतं. एकेरी जर्सी पातळ, ती पोटाला चिकटली होती, आतली छाती दिसत होती, आणि त्याच कापडाची कॉलर केल्यामुळे ती मान टाकून पडली होती. मी आधी धड हात काढला, मग लुळा, आणि सदरा घडी करून ठेवला. मला राग यायला हवा होता. तोही आला नाही.

दुसरा सदरा मॅटीचा. जाड, अंगाला न चिकटणारा, फिकट निळा. तो पाहून अण्णांनी बराच वेळ घेतला आणि एक शब्द काढला. पहिलं अक्षर गिळल्यामुळे मला तो कळायला वेळ लागला. ‘कंपनी.’ नवरा नेमका तेव्हाच शिफ्टवरून आला होता, तसल्याच कॉलरच्या टी-शर्टमध्ये.

‘मग मी काय इतकी वर्षं आतलं घालून कामाला जातोय का, अण्णा?’ तो म्हणाला.

अण्णांनी डोळे मिटून घेतले. जावयाला उत्तर द्यायची त्यांची पद्धत आधीही हीच होती.

दिवस जात होते. खोकल्याचा आवाज बदलला होता, छातीत घरघर ऐकू यायची. डॉक्टरांनी येऊन पाठ तपासली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, ‘बाहेर बसवताय ना?’ मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, या वेळी जरा हळू आवाजात. मी मान हलवली आणि गॅसवर दूध आहे म्हणून आत गेले. दूध नव्हतं.

व्यायामाच्या बाईंनी आणखी एक काम लावून दिलं होतं. डाव्या हाताला काही कळत नव्हतं, तर त्यावरून निरनिराळी कापडं फिरवायची, खरखरीत, मऊ, गुळगुळीत, म्हणजे जाण परत यायला मदत होते. कापडांना आमच्याकडे तोटा नव्हता. मी नमुन्याचे तुकडे एका डब्यात घातले आणि रोज जेवणाआधी बसू लागले. ‘कळतंय?’ विचारलं की ते मान हलवायचे, नाही. पुढचा तुकडा. नाही. तिसऱ्या दिवशी मला कंटाळा आला आणि मी म्हटलं, ‘आधी उजव्या हाताने ओळखा तरी, म्हणजे डाव्याला काय शोधायचं ते कळेल. डोळे मिटा.’

त्यांनी डोळे मिटले. मी रिब ठेवली. बोटांनी चाचपून त्यांनी भुवया वर केल्या, म्हणजे काय ते सांग. मी सांगितलं. मॅटी, सांगितलं. एकेरी जर्सी, सांगितलं. आतून बारीक फासे असलेलं टॉवेलसारखं कापड, त्याचंही नाव सांगितलं. मग पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या फेरीत त्यांनी चारपैकी दोन बरोबर ओळखली. चुकली तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी आली. शाळा सुटून बरीच वर्षं झाली होती, पण परीक्षेत चुकलेलं त्यांना अजून आवडत नव्हतं. दुसऱ्या दिवशी जेवणाआधी त्यांनीच डब्याकडे बोट केलं.

आठ दिवसांत त्यांना माझ्या मशिनवर येणाऱ्या निम्म्या शिकाऊ मुलींपेक्षा जास्त कापड कळू लागलं. उलटी बाजू कुठली, सुलटी कुठली हेही मी शिकवलं. एकेरी जर्सीच्या सुलट्या बाजूला उभ्या बारीक वेण्या असतात, उलट्या बाजूला आडव्या कोयऱ्या. ते अंगठा फिरवायचे, तुकडा उलटायचे, पुन्हा फिरवायचे आणि म्हणायचे, ‘आतलं.’ म्हणजे ही आतली बाजू. इथे तो शब्द मला टोचत नव्हता, इथे तो नुसतं उत्तर होता. बरोबर असलं की मी ‘हं’ म्हणायचे.

मग एकदा मी इंटरलॉकचा तुकडा दिला. हा तोवर मागेच राहिला होता. त्यांनी अंगठा फिरवला. उलटला, फिरवला. पुन्हा उलटला. डोळे उघडून खिडकीकडे धरला. ओढला आणि सोडला, तो सावकाश जागेवर आला. पुन्हा दोन्ही बाजू पाहिल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘आतलं?’

‘याला आतलं नसतं, अण्णा,’ मी म्हटलं. ‘दोन बाजूंनी एकदम विणलेलं असतं. दोन्ही बाजू बाहेरच्याच.’

मी हे काही ठरवून बोलले नव्हते. होजिअरी शिकणाऱ्या कुठल्याही मुलीला मी हेच सांगते, इंटरलॉक कापताना तिची भीती जावी म्हणून. कडा गुंडाळत नाहीत, बाजू चुकत नाही. अण्णांनी तुकडा डब्यात परत टाकला नाही. तो त्यांनी उशीखाली सरकवला. दुसऱ्या दिवशी परीक्षा झाल्यावर त्यांनी तो बाहेर काढून माझ्या मांडीवर ठेवला आणि स्वतःच्या छातीवर दोन बोटं आपटली.

‘इंटलॉक,’ ते म्हणाले.

तेव्हा माझ्या मनात काहीतरी हललं असं लिहायला मला आवडलं असतं. मी फक्त कपाट उघडून पांढरं इंटरलॉक किती शिल्लक आहे ते पाहिलं. दोन सदऱ्यांपुरतं होतं. कापायच्या आधी ते धुवून वाळवावं लागतं, नाहीतर शिवल्यावर आटतं. पाऊस तोंडावर आला होता, वाळायला दोन दिवस गेले.

कॉलर मी इंटरलॉकची केली नाही. त्यांच्या एका जुन्या पॉपलीनच्या सदऱ्याची कॉलर उसवली आणि ती लावली, कारण होजिअरीची कॉलर किती झालं तरी नमते. खिसाही त्याच सदऱ्याचा. ताणणाऱ्या कापडाचा खिसा दोन पेनांनी लोंबतो, आणि अण्णा पेनं सोडणार नव्हते. बटणपट्टी सरळ राहावी म्हणून तिच्या आत पॉपलीनची पट्टी घातली. डावी बाही पुन्हा चार बोटं रुंद. कागदावर हे काम सोपं दिसतं. न ताणणारं कापड ताणणाऱ्याला जोडताना दोन्ही हातांनी सारखं सोडत राहावं लागतं, नाहीतर खिसा चुण्या पाडतो. मी तो तीनदा उसवला.

घालताना आधी लुळा हात. तो गेला. मग पाठीमागून फिरवून धड हात. बटणं. मी निळं पेन आणि लाल पेन खिशात लावली. अण्णांनी उजव्या हाताने कॉलर चाचपली आणि तिथे बोट थांबवलं. ती कॉलर आईने कितीतरी वेळा इस्त्री केलेली होती, तिची कड त्यांच्या मानेला माहीत असणार. मग हात खाली आणून त्यांनी कापड चिमटीत धरलं. मी वाट पाहिली. त्यांनी दाराकडे बोट केलं.

नवऱ्याने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. अकरा पावलांना बराच वेळ लागला. ओट्यावरच्या खुर्चीत बसवून आम्ही आत आलो. नवरा झोपायला गेला, रात्रपाळी करून आला होता. मी ओटीवरच्या टेबलाशी दुसरा सदरा कापायला घेतला. एकच सदरा असला तर धुवायच्या दिवशी अण्णा पुन्हा चादरीत जातील, हे मला दिसत होतं. दार उघडं होतं. मला त्यांची पाठ दिसत होती आणि बोलणं ऐकू येत होतं.

सकाळी टोपली घेऊन येणारी भाजीवाली आमच्या ओट्याशी टेकायची. आतल्या कुठल्या गावाहून यायची, वयाने अण्णांच्या बरोबरीची असेल. तिच्या नातीची झबली मीच शिवली होती.

‘काय मास्तर, आज भायेर?’ ती म्हणाली. ‘बरं हाय ना?’

अण्णांनी मान हलवली असणार.

‘सदरा नवा दिसतंय. झ्याक हाय. कुठनं घेतलं कापड?’

अण्णांना शब्द जुळवायला वेळ लागायचा. ती थांबली. तिने टोपली खाली ठेवल्याचा आवाज आला. मग अण्णांचा आवाज आला, स्वच्छ.

‘आतलं.’

माझा कात्रीचा हात थांबला नाही. मी मनात म्हटलं, बरं. अकरा पावलं चालून गेले, आणि रस्त्यावरच्या बाईला सांगितलं. दोन्ही बाजू बाहेरच्या असल्या तरी माझ्या हाताचं कापड आतलंच. मला वाईट वाटलं असं म्हणता येणार नाही. फार जुन्या ठिकाणी दाबल्यावर जे वाटतं तेवढंच वाटलं, म्हणजे दाबलं आहे एवढं कळलं. मी कापत राहिले.

‘काय म्हणता?’ भाजीवाली म्हणाली. ‘आतलं? आतलं कसं?’

अण्णा पुन्हा म्हणाले, ‘आतलं.’ आणि मग त्यांच्या घशातून असा आवाज येऊ लागला जसा वर्गात एखादं मूल अडखळलं की ते स्वतः त्याच्यासाठी काढत, अक्षर सुरू करून देण्याचा. ‘घ्... घ्... आतलं.’

‘घरातलं व्हय?’ ती म्हणाली.

अण्णा थांबले. ‘होय’ त्यांच्या तोंडात ‘ओय’ व्हायचं, बैलाला हाकारल्यासारखं, आणि ते त्यांना आवडत नसे. दुसरा शब्द ओठांवरच सुरू होणारा, जमण्यासारखा होता. गडबच्या शाळेत त्यांनी तो आयुष्यभर पुसत आणलेला.

‘व्हय,’ अण्णा म्हणाले.

‘लेकीनं शिवला?’

‘व्हय.’ मग खुर्ची करकरली. त्यांनी सदऱ्याचं टोक तिच्यासमोर धरलेलं मला मागून दिसलं. ‘ओढ,’ ते तिला म्हणाले.

‘मी? तुमचा सदरा?’

‘ओढ.’

तिने ओढला. कापड ताणलं, तिने सोडलं, ते जागेवर गेलं.

‘अगो बाय,’ ती म्हणाली, ‘परत ग्येला की.’

‘इंटलॉक,’ अण्णांनी तिला सांगितलं. आणि टोक उलटून दाखवलं, एक बाजू, दुसरी बाजू. दार वाजलं तर आधी सदरा शोधणारा माणूस भर रस्त्यावर भाजीवालीला स्वतःच्या सदऱ्याचं कापड दाखवत होता.

मी बाहेर गेले नाही. काय म्हणणार होते जाऊन? तिने कोबी, दोडकी काहीतरी ठेवलं आणि मला हाक मारून, ‘गो, भाजी ठेवलंय,’ म्हणून निघून गेली. मी टेबलावर पाहिलं. माझ्यापुढे दोन बाह्या कापून पडल्या होत्या, आणि दोन्ही डाव्या हाताच्या. इंटरलॉक उलटं लावलं तरी चालतं, पण त्या दोन्ही चार बोटं रुंद होत्या, उजव्या खांद्याला लागल्या नसत्या. काकूंकडच्या त्या डझनभर बनियनांनंतर माझा हात असा चुकला नव्हता. तेव्हा मला कळलं की आपल्याला काहीतरी होतंय. हातांना ते आधी कळलं होतं.

उरलेल्या कापडातून उजवी बाही कशीबशी निघाली, जोड देऊन. अण्णा त्यानंतर रोज ओट्यावर बसले, एक दिवस पहिला सदरा, एक दिवस दुसरा. पाऊस लागल्यावर खुर्ची आत भिंतीला घेतली, पण दार उघडं ठेवावं लागे. छातीतली घरघर कमी झाली होती. डॉक्टरांनी पाठ पाहून चांगलं म्हटलं. येणाऱ्या जाणाऱ्या कुणीही कापडाची चौकशी केली की अण्णा टोक पुढे करायचे. निम्म्या लोकांना त्यांचं बोलणं कळत नसे. ते ओढून बघायचे आणि चांगलं आहे म्हणायचे.

जास्तीची डावी बाही मी घडी करून ठेवली होती, पुढच्या सदऱ्याला होईल म्हणून. पुढचा सदरा शिवावा लागला नाही. गणपतीनंतर त्यांना दुसरा झटका आला आणि दोन दिवसांत ते गेले. शेवटपर्यंत अंगात तो जोड दिलेला सदरा होता. काढताना मी सवयीने आधी धड हात काढला, मग लुळा, आणि मग माझ्या लक्षात आलं की आता कुठूनही काढला तरी चाललं असतं.

ती बाही अजून माझ्या कपाटात आहे. काही शोधताना हाताला लागली की मी ती ओढते आणि सोडते. अजून जागेवर येते.